सूर धरणारा

मी वाडी सोडली त्या सकाळी आबा ओटीवर बसून सनईची पत्ती ओठांत ओली करत होते. खुंटीवरची दुसरी सनई, म्हणजे माझी, पिशवीत घालायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती हितंच. भाड्याच्या खोलीत वाजवशील, तर शेजारी भांडाय येतील." आई पायरीवर उभी होती.

गेलो कुठं, तर बिरवाडीला, कंपनीत कामाला. पोलादपूरच्या डोंगरातून उतरायचं आणि एसटी धरायची, की तासाभरात पोचलो. दुबईला गेलेल्या माझ्या सोबत्यांनो, तुम्ही हसाल. पण घर सुटलं ते सुटलंच.

वाडीच्या खालूबाज्यात, शिमग्याच्या पालखीपुढच्या ढोल-सनईच्या ताफ्यात, आबा सनईवर चाल वाजवायचे आणि मी शेजारी उभा राहून दुसऱ्या सनईवर सूर धरायचो. म्हणजे एकच स्वर, नाकाने श्वास घेत, न तुटता, पालखी नाचून थांबेपर्यंत. आबा सांगायचे, "सूर धरनाऱ्याकडं कोन बघत नाय रे. पन तो थांबला का समदे बघतात."

कंपनीतही सूर आहेतच. सुपरवायझरच्या सुरात सूर मिसळला की ओव्हरटाइम मिळतो. कुणी तक्रारीचा सूर काढला की बाकीचे मान खाली घालतात. खोलीमालकाशी सूर जुळायला दोन वर्षं गेली. बायको म्हणते, हल्ली तुमचा बोलायचा सूरच थकलेला असतो. खरं आहे तिचं. शिफ्टा बदलून बदलून अंगात काही उरत नाही.

गेल्या शिमग्याला रजा टाकून गेलो. पालखीचा नाच ऐन रंगात आला आणि माझा दम संपला. सूर तुटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, मान वर करवेना. तेवढ्यात कानाशी तोच स्वर आला. आबांनी चाल सोडून माझा सूर धरला होता. सत्तरीचा माणूस, गाल फुगवून, माझ्याकडे न बघता. ढोल चालूच होता; पालखी थांबली नाही.

परवा फोनवर म्हटलं, आबा, यंदा दुसरा कुणी बघा, माझ्याच्यानं होत नाही. ते चिडले. "दुसरा कशाला? तू नुसता ये नि बाजूला उभा ऱ्हा. फुंकलंस तर फुंकलंस."

फोन ठेवून मी रडलो, लपवत नाही. बिरवाडीत माझं रेशनकार्ड आहे, मुलांची शाळा आहे. पण कामावर एक दिवस गेलो नाही, तर माझ्या जागी दुसरा उभा असतो. घर म्हटलं की मला आता आबांच्या डाव्या हाताची, एका माणसापुरती जागा दिसते. तिथे दुसऱ्या कुणाला उभं करायला आबा तयार नाहीत.