ट्रेव्हरची रायफल, चंद्रहासचा दस्ता

ऑस्ट्रेलियात कालगुर्लीतल्या एका सोन्याच्या खाणीत चंद्रहास सेफ्टी इंजिनिअर होता आणि घरी आल्यावरही त्याची ती नोकरी काही सुटत नसे. बल्ब बदलायचा झाला तरी तो आधी मेन स्विच बंद करी, त्यावर चिठ्ठी डकवी, मग शिडीचे चारही पाय हलवून बघे. त्याची बायको चित्रलेखा तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. ती म्हणायची, "तू बल्ब लावेपर्यंत उजाडतंच रे. कशाला लावतोस?"

अशा माणसाने त्रेपन्नाव्या वर्षी बंदूक घ्यावी याचं गावातल्या मराठी मंडळाच्या चौदाही कुटुंबांना नवल वाटलं. त्यातून तो शाकाहारी. केकात अंडं असेल तर कुणी सांगू नये, एवढीच त्याची सवलत. पण सहकाऱ्यासोबत एकदा शूटिंग क्लबला गेला आणि त्याला तिथले नियम आवडले. लाल झेंडा वर असताना कुणी निशाणांकडे फिरकायचं नाही, हुकूम झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही. घरात कुणी त्याचं इतकं ऐकत नव्हतं. तो सभासद झाला, परीक्षा दिली, परवान्यासाठी महिनोन् महिने थांबला, भिंतीत बोल्ट मारून तिजोरी बसवली आणि तिची किल्ली गळ्यात घालून हिंडू लागला. आंघोळीलाही ती गळ्यातच.

रायफल मिळाली ट्रेव्हरची. ट्रेव्हर क्लबचा जुना सभासद, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, सव्वासहा फूट उंच. त्याने आयुष्यभर मेंढपाळांच्या कुरणांची कुंपणं बांधली आणि माजलेल्या रानबोकडांची शिकार केली. आता डोळे गेले होते. समोरच्या माणसाचा चेहरा मध्यभागी पुसल्यासारखा दिसे. म्हणून त्याने दुकानदारामार्फत रायफल विकायला काढली आणि ती चंद्रहासने घेतली.

पंचाईत एकच होती. चंद्रहास पाच फूट चार इंच. ट्रेव्हरच्या मापाचा तो लांब लाकडी दस्ता खांद्याला लावला की त्याचा हात चापापर्यंत जेमतेम पोचे, मान कासवासारखी पुढे ताणली जाई आणि रायफलवरच्या दुर्बिणीत निम्मा अंधार दिसे. गोळी सुटली की खांद्यावर रट्टा बसे तो वेगळाच. शंभरपैकी त्याचे गुण पडत एकसष्ट.

"दस्ता लांब आहे ना," तो दर शनिवारी सांगे. क्लबात सांगे, घरी सांगे, मंडळात कुणी विचारलं नसलं तरी सांगे.

ट्रेव्हर म्हणाला, "मागून दोन इंच कापून टाक, मेट. अर्ध्या तासाचं काम."

चंद्रहासने करवत काढली, दस्ता टेबलावर ठेवला आणि तिथेच थबकला. चाळीस वर्षं ट्रेव्हरचा गाल टेकून टेकून त्या लाकडाला एका जागी मऊ खळगा पडला होता. त्याने त्यावरून बोट फिरवलं आणि करवत परत खुंटीला अडकवली. दस्ता सोडवून, पुसून, जुन्या टॉवेलात गुंडाळून तो ट्रेव्हरला देऊन आला. ट्रेव्हर म्हणाला, "हे घेऊन मी काय करू?" पण दाराशी उभ्या उभ्या त्याचा अंगठा नेमका त्या खळग्यात जाऊन बसला होता.

मग नवा दस्ता स्वतःच करायचा ठरलं. टास्मानियातून ब्लॅकवुड लाकडाचा ठोकळा मागवला. गॅरेजच्या भिंतीवर चंद्रहासने चौतीस पायऱ्यांची यादी लावली. प्रत्येक पायरीपुढे एक चौकोन, काम झालं की त्यात टिक. सगळ्यात किचकट काम, नळी आणि चापाचं लोखंड नेमकं बसेल असं घर लाकडात कोरण्याचं. लोखंडाला काळं फासायचं, लाकडात दाबून बसवायचं, उचलायचं. जिथे डाग उमटला तेवढंच पटाशीने खरवडायचं. यासाठी बाजारात मिळणारी शाई त्याला पटेना. त्याने निरांजनावर ताटली धरून काजळ पाडलं, त्यात तेल कालवलं आणि दोन महिने तेच वापरलं. त्या दोन महिन्यांत तो खाणीतल्या मीटिंगांना कधी कानाला काळं लावून गेला, कधी कपाळाला. एकाने विचारलं, हे काही धार्मिक आहे का? चंद्रहास म्हणाला, "जवळपास."

लाकूड आणि लोखंड यांत राहिलेली बारीक फट शेवटी एका कडक होणाऱ्या गोंदाने भरायची असते. त्याआधी लोखंडाला सगळीकडून बुटाचं पॉलिश चोळायचं, म्हणजे गोंद लाकडाला धरतो आणि लोखंड मोकळं राहतं. सत्ताविसाव्या पायरीवर स्पष्ट लिहिलं होतं: पॉलिश. पुढे टिकही होती. फक्त टिक केल्यावर खाणीतून फोन आला, तो वीस मिनिटं चालला आणि परत आल्यावर चंद्रहासने यादी पाहिली, टिक पाहिली आणि गोंद भरला. काम करण्याआधी टिक मारू नका, हे तो खाणीतल्या लोकांना दर सोमवारी बजावत असे.

शनिवारी सकाळी लोखंड हलेना. हिसडलं, थोपटलं, रबरी हातोडी मारली. ट्रेव्हरला फोन केला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "गोठव. लोखंड आकसतं, सुटेल."

गॅरेजमध्ये पेटीसारखा मोठा फ्रीझर होता. पण तो मोदकांनी भरला होता. सोमवारी मंडळाचा गणपती आणि चित्रलेखाने शिफ्टमधून वेळ काढून एकशेवीस उकडीचे मोदक करून ठेवले होते. ती हॉस्पिटलात होती. चंद्रहासने मोदक एस्कीत, म्हणजे सहलीला नेतात त्या थंड पेटीत हलवले, वर बर्फ टाकला आणि रायफल फ्रीझरमध्ये तिरपी निजवली. आता तिजोरीबाहेरची बंदूक नजरेआड करायची नाही, हा कायदा. झाकणाला कुलूप नव्हतं. म्हणून तो प्लास्टिकची खुर्ची घेऊन फ्रीझरसमोर बसला.

अकराच्या सुमाराला अनिश मोदक न्यायला आला. अनिश मंडळाचा सेक्रेटरी, खाणीतलाच जिऑलॉजिस्ट.

"काय रे, फ्रीझर बिघडलाय?"

"नाही."

"मग त्याच्यासमोर का बसलायस?"

चंद्रहासला खोटं बोलता येत नसे. "आत रायफल आहे."

अनिशने झाकणाकडे पाहिलं. "आणि मोदक?"

"एस्कीत."

"तू ठीक आहेस ना?"

"अजून चाळीस मिनिटं," चंद्रहास घड्याळाकडे बघत म्हणाला.

अनिशने एस्की उचलली आणि गाडीत बसण्याआधीच चित्रलेखाला फोन लावला. ती वॉर्डात होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "फुटले का रे?"

"रायफल?"

"मोदक!"

तीन फुटले होते. ते अनिशने वाटेतच संपवले.

बाराला चंद्रहासने रायफल बाहेर काढली आणि हातोडीचा हलका ठोका दिला. टक्क! लोखंड सुटलं. लाकडाची नखाएवढी कपची उडाली होती, ती त्याने त्याच लाकडाच्या भुशाने बुजवली. मग तीन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर तळहाताने जवसाचं तेल. दस्ता मधासारखा तकाकू लागला. खांद्याला लावला तर मान सरळ, दुर्बिणीत लख्ख उजेड, बोट बरोब्बर चापावर. चित्रलेखानेही हात फिरवून पाहिला आणि चेष्टा न करता म्हणाली, "सुंदर झालाय रे."

पुढच्या शनिवारी क्लबात सगळे गोळा झाले. ट्रेव्हरही मुलीच्या गाडीतून आला. दस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने बोटांनीच तो पाहिला आणि मान डोलावली. चंद्रहासने दहा गोळ्या झाडल्या. निशाणाचा कागद आला.

त्रेसष्ट.

चंद्रहास दस्त्याकडे बघत राहिला. त्याला दोष देण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मापं त्याचीच, हातही त्याचेच.

"म्हणजे तूच होतास तर, मेट," ट्रेव्हर म्हणाला.

चंद्रहासला हसू फुटलं आणि एकदा फुटलं ते थांबेना. मग त्याने विचारलं, "मला नीट शिकवशील?"

"मला निशाण दिसत नाही."

"मला तरी कुठे दिसतं?"

त्या दिवसापासून ट्रेव्हर दर शनिवारी येऊ लागला. त्याला न्यायला-आणायला चंद्रहासच जातो. ट्रेव्हर त्याच्या मागे स्टुलावर बसतो आणि नुसता कान देऊन ऐकतो. "श्वास धरलास. सोड." "चाप हिसडलास. दाब, हळू." आवाजावरून त्याला सगळं कळतं, कागदावर गोळी डावीकडे गेली असणार हेसुद्धा. दुपारी तो चित्रलेखाच्या हातचा वरणभात जेवतो, लोणचं दोनदा मागून घेतो. डोळे गेल्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता, हे त्याच्या मुलीने चित्रलेखाला पुढे कधीतरी सांगितलं.

मागच्या शनिवारी एकोणऐंशी पडले. चंद्रहासने घरी येऊन कागद फ्रिजच्या दारावर लावला.

"ऐंशी का नाही?" चित्रलेखाने विचारलं.

"वारा होता," तो म्हणाला.

जेवायला बसलेल्या ट्रेव्हरला मराठी येत नव्हतं, पण त्या सुरावरूनच त्याला कळलं आणि तो म्हणाला, "वारा अजिबात नव्हता."