स्टिकरखालचं नाव

मुलगी बाळंतपणासाठी धुळ्याहून माझ्याकडे जळगावला आली होती. उन्हात गेली की तिच्या गालांवर पुरळ उठायचं आणि बाळाच्या लसीच्या डोससाठी तर बाहेर पडणं भाग होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सनस्क्रीन लावा. पण अंगावर पाजताय, तर ऑक्सिबेन्झोनवालं टाळा. ते थोडं कातडीतून आत जातं. काही देशांनी त्याचं प्रमाण कमी केलंय. नाव वाचून घ्यायचं."

नाव वाचायचं काम मी घेतलं. चष्मा घरी विसरणाऱ्या बाईने घेऊ नये असं काम. ट्यूब घरी आणून बघते तर दुकानदाराने आपल्या दुकानाचं स्टिकर नेमकं घटकांच्या यादीवर चिकटवलेलं. मी हुशार. मुलीचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं आणि चोळलं. स्टिकर निघालं, खालची शाईही निघाली.

"आई," मुलगी म्हणाली, "आता ही कुठल्याही कंपनीची म्हणून खपेल."

परत दुकानात गेले, ऑक्सिबेन्झोन नसलेली ट्यूब मागितली. दुकानदार माझ्या माहेरचा, शिरपूरचा, त्यामुळे आमचं अहिराणीत सुरू झालं.

"अक्का, बठ्ठा लोके लावतस. काही व्हत नही."

"लावू दे बठ्ठास्ले." सगळ्यांशी मला काय करायचं होतं? "माले यादी दखाड."

मग त्याने शुद्ध मराठी काढली, म्हणजे भांडण अधिकृत झालं. "सरकारने बंद केलंय का हे?"

"सरकारने यादी छापायला लावलीय. झाकलीस तू."

मी स्टूल ओढलं, दाराशी बसले आणि एकेक ट्यूब मागवून स्टिकर नखाने सोलायला लागले. सोलली खरी, पण चष्मा पुन्हा घरीच. मागे थांबलेल्या एका बुरखेवाल्या बाईने हात पुढे केला. "लाओ खाला, मैं पढती."

पहिलीत ते नाव होतं. दुसरीतही होतं. तिसरीत नुसतं झिंक ऑक्साइड, ऑक्सिबेन्झोनचा पत्ता नाही. तिने दोनदा वाचून ती माझ्या हातात दिली. मग स्वतःसाठी घेतलेली ट्यूब काउंटरवर ठेवली. "भाईजान, मेरीवाली भी खोलो."

त्याने तिच्या स्टिकरला नख लावलं.

मुलगी ती तिसरी ट्यूब लावून बाळाला डोस देऊन आली. दुकानदार आता स्टिकर टोपणावर लावतो. मी दिसले की मात्र स्टूल आत नेऊन ठेवतो. ठेवू दे. मी उभी राहीन.