हिसाकोबाईंच्या भिंतीतलं भोक

सुलेखा खांबेटेने ते भोक बुजवलं तेव्हा तिच्या मनात मायेखेरीज काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवणार. खुशाल ठेवा. पण भोक बुजवल्याबद्दल नको, त्यानंतर ती तीन आठवडे मूग गिळून बसली त्याबद्दल ठेवा.

सुलेखा आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळ कॅरिगलाइनला राहते. नवरा नंदकुमार रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहे, त्याच्या मागोमाग ती नऊ वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडून इकडे आली. पहिली दोन वर्षं भिंतींकडे बघण्यात गेली. मग तिने लाडू वळायला घेतले, त्यापाठोपाठ पुरणपोळ्या, आणि आता गणपतीत आसपासच्या सगळ्या मराठी घरांत तिचेच मोदक जातात. हाताला चव आहे असं लोक म्हणतात, आणि ते सगळ्यांत जास्त पटलंय ते तिलाच.

इथे आलेल्या मराठी माणसाचा पहिल्या हिवाळ्यातला उद्योग ठरलेला असतो. प्रत्येक खोलीच्या बाहेरच्या भिंतीला बशीएवढं भोक असतं, हवा खेळावी म्हणून मुद्दाम ठेवलेलं, आतून जाळी लावलेलं. त्यातून बर्फासारखा वारा येतो. एकीकडे घर तापवायचं आणि दुसरीकडे भिंतीला भोक ठेवायचं, म्हणजे काय डोकं म्हणायचं! की लगेच जुना टॉवेल, फाटकं धोतर, जे सापडेल त्याचा बोळा आत. भिंतीला बुरशी येते, घरमालक ओरडतो, बोळा निघतो, आणि त्याची गाडी वळली की परत बसतो. सुलेखा या विद्येत पारंगत होती.

हिसाकोबाई तिला खाडीपलीकडच्या कोव्हच्या बाजारात भेटल्या. शहात्तर वर्षांच्या, चिमणीएवढ्या, जहाजावरच्या आयरिश इंजिनियरशी लग्न करून जपानमधून आलेल्या आणि अकरा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. त्यांच्या विक्रीच्या टेबलावर सहा मिठाया होत्या, प्रत्येक एका फुलाच्या आकाराची. सुलेखाने एक तोंडात टाकली आणि जागच्या जागी थांबली. ते पुरण होतं. वेलची नाही, जायफळ नाही, पण पुरण. पांढऱ्या घेवड्याचं, साखरेत आटवलेलं, लोण्यासारखं मऊ.

तेव्हापासून दर गुरुवारी सुलेखा ग्लेनब्रुकला जाऊन फेरीबोटीत गाडी घालायची, पाच मिनिटांत खाडी ओलांडायची आणि कोव्हला टेकडीवरच्या त्या घरात शिकायला बसायची. पहिल्या दिवशी ती मोठ्या ऐटीत आपलं पुरणयंत्र घेऊन गेली. हिसाकोबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, सगळ्या बाजूंनी पाहिलं, फार सुंदर आहे म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिलं. त्यांच्याकडे घेवडा घोड्याच्या केसांच्या चाळणीवर तळहाताने घासूनच निघायचा. सुलेखाला मनातल्या मनात राग आला, आणि महिन्याभराने फरक जिभेला कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

शिकवण्याची तऱ्हाही वेगळीच. विचारायचं नाही, बघायचं. कापड किती पिळायचं, पाकळीची रेघ कुठे थांबवायची, चहाची हिरवी पूड पाण्यात वेळूच्या कुंच्याने किती घुसळायची, बाई करून दाखवायच्या आणि गप्प बसायच्या. "का?" म्हटलं की हसायच्या. सुलेखा त्यांना मनातल्या मनात शाळेतल्यासारखं 'बाई' म्हणायला लागली. आई गेल्यापासून कुणी आपल्याला काही नवीन शिकवलंच नव्हतं, असं तिला वाटायचं, आणि कधी कधी फेरीत बसून ती उगाच डोळे पुसायची.

जपानी रीतीने चहाचा सोहळा करायची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. जमिनीवर चटया आणि मधोमध चौकोनी खड्ड्यात चूल. एरवी त्या चुलीत विजेची शेगडी ठेवलेली असे. कोपऱ्यात बांबूचा बुटका पडदा आणि त्याच्यामागे, अगदी जमिनीलगत, ते भोक. नोव्हेंबरात एका गुरुवारी हिसाकोबाई चहा घुसळताना थरथरत होत्या. त्या पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या तेवढ्यात सुलेखाने पिशवीतून गोधडीचा तुकडा काढला, घडी केली आणि गच्च कोंबला. बाई परत आल्या, बसल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज बरं वाटतंय." सुलेखा काही बोलली नाही. माया बोलून दाखवायची नसते, असं तिच्यावरही संस्कार होते.

तिथेच माती खाल्ली. ते भोक बिल्डरने पाडलेलं नव्हतंच. हिसाकोबाईंच्या नवऱ्याने स्वतः पाडलं होतं, जहाजाच्या तळात हवा कुठून कुठे जाते ते जन्मभर पाहिलेल्या माणसाने, खास त्या चुलीसाठी. कारण वर्षातून एकदा, जानेवारीतल्या पहिल्या चहाला, तिथे खरा कोळसा पेटायचा. हे सुलेखाला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं नव्हतं, आणि बाईंनी सांगितलं नव्हतं.

जानेवारी आला. हिसाकोबाई म्हणाल्या, या वर्षी मिठाई तू करायचीस. सुलेखाला आकाश ठेंगणं झालं. तीन दिवस खपून तिने गुलाबी फुलं केली, आतून पांढरी. पाहुणे तिघंच: सुलेखा, तिची सतरा वर्षांची मुलगी इशिता, आणि हिसाकोबाईंची शेजारीण नोरीन. गोधडीचा तुकडा तर सुलेखा डिसेंबरातच विसरून गेली होती.

दार सरकून बंद झालं. कोळसा लालभडक पेटला होता, धूर नाही की वास नाही. आधी मिठाई खायची, पूर्ण, मग चहा. हिसाकोबाईंनी सुलेखाचं फूल हातात धरलं, पाहिलं आणि नुसती मान हलवली. एवढ्यासाठी सुलेखा दहा महिने फेरीतून येत होती. पुढचा तास तिला गुंगीतच गेल्यासारखा वाटला. नोरीनने दोनदा जांभई दाबली. इशिताने कपाळ चोळलं. सुलेखाच्या कानशिलात ठणका सुरू झाला, आणि तिला वाटलं, हीच ती शांती, जिच्याबद्दल लोक बोलतात. चहा घुसळताना हिसाकोबाईंचा हात एकदा चुकला. त्यांचा हात चुकलेला सुलेखाने कधी पाहिला नव्हता, तरीही ती जागची हलली नाही. मधेच उठायचं नसतं.

निरोप झाला. चहाच्या शिस्तीत एक शेवटची गोष्ट असते: पाहुणे गेले की यजमानाने लगेच आवराआवर करायची नाही. दार लावून, विझत्या निखाऱ्यांपाशी एकट्याने बसायचं आणि गेलेल्या माणसांचा विचार करायचा. हिसाकोबाईंनी वाकून नमस्कार केला आणि दार आतून सरकवलं.

फेरी सुटली. इशिताने गाडीची काच खाली केली, वाऱ्यात तोंड धरलं आणि म्हणाली, "माय हेड वॉज स्प्लिटिंग, आई. नाऊ इट्स ग्रँड." मग ती थांबली. यंदा शाळेच्या शेवटच्या परीक्षेला तिचा केमिस्ट्री विषय होता. "दॅट वॉज रिअल चारकोल. कार्बन मोनॉक्साइड! वॉज देअर नो व्हेंट?"

सुलेखाच्या पायांखालची बोट सरकली म्हणा. तिला नोरीनचा नंबर मिळेना, मिळाला तर बोटांना आकडे सापडेनात, शेवटी इशितानेच फोन लावला. फेरी मधोमध होती आणि मधोमध फेरी वळवता येत नाही. सुलेखा रेलिंगला धरून मोठ्याने बाई, बाई म्हणत राहिली, आणि बाजूच्या गाडीतला माणूस तिच्याकडे बघत राहिला.

नोरीनकडे किल्ली होती म्हणून निभावलं. तिने दार सरकवलं तेव्हा हिसाकोबाई चुलीपाशी कुशीवर कलंडलेल्या होत्या, हात मांडीवरच. ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजन, पाच दिवस हॉस्पिटल. जीव वाचला.

पण भोकातला बोळा नोरीननेच ओढून काढला होता, आणि घाबरून कचऱ्यात टाकला होता. डब्लिनहून मुलगा केविन आला. त्याने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. घरात राहतं कोण? आई. मग बोळा घातला कुणी? आईने. आणि तिला ते आठवतही नाही. चारच दिवसांत त्याने वृद्धांसाठीचं एक होम पाहून ठेवलं. तो वाईट मुलगा नव्हता, त्याच्या जागी तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं.

सुलेखाने घरी नंदकुमारला सगळं सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं.

"म्हातारी बरी आहे ना आता?"

"हो, पण अहो, त्यांना वाटतंय त्यांनीच..."

"नागरिकत्वाचा अर्ज आत आहे आपला. चारित्र्य बघतात त्यात. उद्या गार्डाचा पोलीस दारात आला तर काय सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग गप्प बस."

आणि ती गप्प बसली. हे तिच्याबद्दल लिहायला नको वाटतं, पण खरं आहे. ती बाईंना हॉस्पिटलात डबा द्यायची, पाय चेपायची, आणि केविन "मम इज गेटिंग फर्गेटफुल" म्हणाला की खिडकीबाहेर बघायची. एका दिवशी तर तिने मानसुद्धा हलवली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गेलं, आणि त्यामुळेच तिला स्वतःची सगळ्यांत जास्त भीती वाटली.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ती कोव्हला गेली. घरात खोकी मांडलेली होती. हिसाकोबाई टेबलाशी बसून एका कागदावर बारीक अक्षरात काही लिहीत होत्या.

"मी काय काय विसरले त्याची यादी," त्या म्हणाल्या. "उद्या केविन त्या होमच्या कागदांवर सह्या घ्यायला येतोय. डॉक्टरही विचारतील." त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. चष्मा. नोरीनचा वाढदिवस. नवऱ्याच्या बहिणीचं नाव, एकदा. आणि सगळ्यांत वर: भोक. "हे मात्र मला अजिबातच आठवत नाही. खूप प्रयत्न करते. एवढी मोठी गोष्ट आठवत नसेल तर मी कामातून गेलेच ना?"

सुलेखाने वाक्य घरून जुळवून आणलेलं नव्हतं. यायचं ठरवलं होतं, बोलायचं नव्हे. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बाई, तुम्ही नाही. मी घातला तो बोळा. नोव्हेंबरात. तुम्हाला थंडी वाजत होती म्हणून."

 हिसाकोबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी कागद परत आपल्याकडे ओढून घेतला आणि तो वाचत राहिल्या, जणू दुसऱ्या कुणाचा असावा.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"फेरीत असताना?"

"हो."

"मी रोज सकाळी उठून स्वतःला माझं नाव विचारते," हिसाकोबाई म्हणाल्या. "मग गावाचं. मग तुझं."

सुलेखा हमसून रडायला लागली. रुमालाचं खोकं हिसाकोबाईंच्या कोपराशी होतं, त्यांनी ते पुढे केलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला, नंबर लावला, कुठेही न अडखळता, पाठ असलेला, आणि रिसीव्हर सुलेखापुढे धरला.

"मला सांगितलंस तसंच. माझ्यासमोर. मग तू जा."

परत कधी यायचं, हे त्या बोलल्या नाहीत, आणि विचारायची सुलेखाची छाती झाली नाही. पलीकडे घंटा वाजत होती. मग केविन घाईघाईत म्हणाला, "हं, आई, बोल."

"आई नाही," सुलेखा म्हणाली. "मी सुलेखा. ते भोक मी बुजवलं होतं."