खंडेनवमीला उपसलेली बॅग

एकट्याने व्हिडिओ शूटिंग करणाऱ्याची बॅग दुसऱ्या कोणीही आवरू नये. भक्तिभावाने तर नाहीच नाही.

माझ्याबरोबर मदतनीस नसतो. डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना एक हात बॅगेत जातो आणि हवं ते त्याला न बघता सापडावं लागतं. म्हणून चार्ज केलेल्या बॅटऱ्या उजव्या कप्प्यात, वापरलेल्या डाव्या. कोरी कार्डं वरच्या खिशात, भरलेली आतल्या चेनमध्ये. ही घडी बसेपर्यंत मी पुष्कळ फजिती करून घेतली आहे.

आम्ही बडोद्यात, समा भागात राहतो. सासरचे पूर्वज बडोद्याच्या फौजेत होते, त्यामुळे खंडेनवमीला जुनी तलवार पाटावर येते आणि तिच्याशेजारी घरातल्यांची कामाची साधनं. त्या वर्षी सासूबाईंनी कौतुकाने माझी बॅगही उपसली. मी अंघोळ करून आले तर बॅटऱ्या, कार्डं, माइक, वायरी, सगळं उंचीप्रमाणे ओळीत मांडलेलं, प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडू. लेन्सच्या काचेवरसुद्धा कुंकवाचं बोट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता भरलेली बॅटरी कुठली आणि रिकामी कुठली? संध्याकाळी गरब्याचं शूटिंग होतं. नवरात्रातली शेवटची रात्र, आणि एवढं मोठं मैदान मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

मी लेन्स उचलायला वाकले तर सासरे म्हणाले, "पूजेतलं आज हलवायचं नाही. उद्या दसऱ्याला उचल. गरब्यावाल्यांना फोन करून टाक ना, बीजा कोणाला बोलवा म्हणावं."

बीजा कोणाला म्हणे. हे काम दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं तर पुढच्या नवरात्रात मला कोण विचारणार होतं?

तेवढ्यात धाकटा दीर आला. त्याने पाटावरचा आपला लॅपटॉप उचलला, वरचं फूल तलवारीवर ठेवलं आणि आतल्या खोलीत मीटिंगला जाऊन बसला. कोणी हूं की चूं केलं नाही. मी सासूबाईंकडे बघितलं.

"अगं, त्याचं काम आहे," त्या अगदी मायेने म्हणाल्या.

मी पाटासमोर फतकल मारली. एकेक बॅटरी कॅमेऱ्यात घालून तपासली, काच पुसली, बॅग भरली. सासरे तोंड फिरवून बसले होते. एकही वस्तू चुकीच्या कप्प्यात गेली नाही.

दारात सासूबाईंनी विचारलं, "कुठे निघालीस?"

"कामाला," मी म्हटलं. एरवी मी 'जरा जाऊन येते' म्हणायचे.