भाव सांगितल्यावरचा वेलदोडा

भाव सांगून झाला की काकू एक वेलदोडा तोंडात टाकायच्या. त्यासाठी एक पितळेची चपटी डबी कायम त्यांच्या पर्समध्ये असे. समोरचं गिऱ्हाईक "जरा जास्त वाटतंय" म्हणो, तोंड वाकडं करो की शेजारणीकडे बघो, काकू शांतपणे वेलदोडा चघळत उभ्या. तो संपेपर्यंत त्या एक शब्द बोलत नसत. बहुतेक वेळा तोवर गिऱ्हाईकच बोलायचं आणि डबा पुढे करायचं.

"भाव सांगेपर्यंत बोलणं आपलं. त्यानंतरचं पहिलं वाक्य गिऱ्हाइकाचं," असं त्या म्हणायच्या. आपल्या बायकांना नेमकं हेच जमत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आपण आकडा सांगतो आणि श्वासही न घेता पुढे म्हणतो, "पण तुमच्यासाठी कमी करीन हं." समोरच्याने अजून काही मागितलेलंही नसतं. तुम्हीही आठवून बघा, तुमच्या ओळखीत अशी एक तरी असेलच. आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरममध्ये ती मी होते.

काकू गोडा मसाला करून विकायच्या. नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झाला, क्वार्टर सोडावं लागलं आणि दोघं फरीदाबादला गेली. गिऱ्हाईक मात्र आमच्याच सेक्टरांमध्ये राहिलं. म्हणून दर मंगळवारी चाकांची बॅग ओढत काकू मेट्रोने यायच्या. मसाल्याचा वास त्यांच्या आधी एक मजला वर पोचायचा. मेट्रोच्या तपासणीत एका बाईने एकदा बॅग उघडायला लावली आणि विचारलं, "आंटी, इसमें है क्या?" मागे ही रांग लागलेली. काकूंनी तिला पाव किलोचा भाव सांगितला आणि वेलदोडा तोंडात टाकला. पुढच्या मंगळवारी त्या बाईने मसाला घेतला, असं काकू सांगायच्या. त्यांच्या गोष्टींतलं अर्धं मी खरं धरते, पण ही पूर्ण खरी असावी.

नवीन गिऱ्हाइकाच्या घरी गेल्या की त्या सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. आमटीच्या पातेल्यावरचं झाकण काढून वास घ्यायच्या, चमचाभर चाखायच्या आणि मग सांगायच्या, तुम्हाला किती मसाला लागेल. एकीला तर त्यांनी मसालाच दिला नाही. तुमच्या घरी राजमा जास्त होतो, तुम्हाला याचा उपयोग नाही, म्हणाल्या. ती बाई वर्षभर हे सगळ्यांना सांगत फिरली आणि तिच्यामुळे काकूंना चार नवी घरं मिळाली.

मी तेव्हा शिवलेल्या नऊवारी करत असे. दिल्लीत नऊवारी नेसता येणाऱ्या मुली फारशा राहिलेल्या नाहीत, पण गणपतीत, हळदीकुंकवाला, लग्नात ती हवी असते सगळ्यांना. सलवारीसारखी पाय घालून चढवायची, मागे काष्टा आपोआप. मशीन आमच्या पुढच्या खोलीत होतं. कोणी विचारलं की मी म्हणायचे, "काही नाही हो, वेळ जात नाही म्हणून करते आपलं."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा काकूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "वेळ जात नाही म्हणून लोक टीव्ही बघतात. तू काम करतेस. तसं म्हण."

मी म्हणून दाखवलं. त्यांनी परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणताना मला हसू फुटलं आणि काकूंनाही.

तेव्हापासून मंगळवारची दुपार माझ्या शिकवणीची झाली. कामासाठी फोनचा नंबर वेगळा घे. दारावर वेळ लिहून लाव, नाहीतर लोक तू जेवायला बसलीस की मापं द्यायला येतात. फोनवर सांगितलेलं माप घेऊ नकोस, दिल्लीतली प्रत्येक बाई फोनवर दोन इंच बारीक असते. आणि मैत्रिणीला द्यायचं तर साडी भेट दे, सूट देऊ नकोस. भेट तिच्या लक्षात राहते, सूट तिच्या जावेच्या लक्षात राहते. स्वतः काकू हे कसोशीने पाळायच्या. सख्ख्या बहिणीलाही त्यांनी मसाल्यात सूट दिली नव्हती. तिच्या वाढदिवसाला मात्र पैठणी घेतली.

त्या स्वतः चुकल्या नव्हत्या असं नाही. सुरुवातीला आजूबाजूच्या दिल्लीकर बायकांनी सांगितलं, आंटी, आपके मसाले में लकड़ी जैसी महक है. काकूंनी बिचारीने दगडफूल काढून टाकलं, तीळखोबरं कमी केलं, लाल तिखट वाढवलं. दिल्लीकर बायकांनी चाखला आणि म्हणाल्या, असा तर बाजारात मिळतोच. मराठी बायकांनी चाखला आणि काही न बोलता पुढच्या वेळी पुण्याहून मागवला. तो सगळा मसाला काकूंच्या घरी वर्षभर वांग्यात, बटाट्यात, उसळीत जात राहिला. "मी नेमकं आपलं तेवढंच काढून टाकलं बघ," त्या म्हणायच्या आणि स्वतःवरच मनापासून हसायच्या. मला त्यांचं ते हसणं फार आवडायचं.

इकडे माझी गाडी रुतलेली होती. पुढच्या खोलीत सगळीकडे काठापदराच्या साड्या. नवरा दिवाणाच्या एका कोपऱ्यावर ताट मांडीत घेऊन जेवायचा. तो तक्रार करणारा माणूस नाही, पण एक दिवस त्याने विचारलं, इतकं करून तुझ्या हाताशी काय राहतं? ते मला फार लागलं. नात्यातल्या एकांच्या ऑफिसात जागा होती. मीच तोऱ्यात सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत हे काम आपल्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर मशीन बंद करून त्यावर कापड टाकीन आणि त्या नोकरीला जाईन. बोलून बसले आणि रात्रभर पस्तावले. मला ते काम सोडायचं नव्हतं.

नवरात्राच्या आधीच्या मंगळवारी जवळच्या एका शाळेच्या शिक्षिका घरी आल्या. वार्षिक कार्यक्रमात महाराष्ट्राचा नाच होता, तीस मुलींना नऊवारी हव्या होत्या. इतकं मोठं काम माझ्याकडे आधी कधीच आलं नव्हतं. काकू कोपऱ्यात स्टुलावर बसून माझ्या हातचे पोहे खात होत्या. शिक्षिकाबाईंनी नमुन्याची साडी उलटसुलट करून बघितली, काष्टा ओढून बघितला आणि भाव विचारला.

मी सांगितला. रात्री बसून नीट काढलेला, माझी मेहनत धरून. त्यांच्या भुवया वर गेल्या. "बल्क ऑर्डर है, कुछ तो कम कीजिए."

माझी जीभ निघालीच होती. "नहीं, वैसे आपके लिए..." एवढं म्हणेपर्यंत काकूंनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली, उठल्या आणि माझ्या तळहातावर एक वेलदोडा ठेवला. "घे, घसा कोरडा पडलाय तुझा," म्हणाल्या.

मी तो तोंडात टाकला. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. शिक्षिकाबाई साडीकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे आणि काकू खिडकीबाहेर. अखेर शिक्षिकाबाईंनी साडीची घडी घातली, सोचकर बताती हूँ म्हणाल्या आणि गेल्या.

दार लागल्याबरोबर मी काकूंवर घसरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. "गेली ना ऑर्डर. तुमचं काय जातंय काकू, मशीन माझं बंद होणार आहे."

त्यांनी बशी परत हातात घेतली. "तू कमी करून तीस शिवल्या असत्यास ना, तर शेवटचा टाका घालून मशीनवर तूच कापड टाकलं असतंस. आणि मग म्हणाली असतीस, आपल्याला हे जमत नाही."

त्यांनी पोहे संपवले, लिंबू कमी होतं म्हणाल्या आणि बॅग ओढत निघून गेल्या.

पुढचे दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. पाच वेळा फोन उचलला, मैडम, थोड़ा कम कर दूँगी म्हणायला. प्रत्येक वेळी डब्यातून वेलदोडा काढून तोंडात टाकला. गुरुवारी संध्याकाळी खीर केली तर घालायला घरात वेलदोडा नाही. नवऱ्याने एक घास खाल्ला, काहीतरी चुकतंय म्हणाला आणि मी रडायलाच लागले. मग त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग बरोबरच केलंस की.

शुक्रवारी शाळेतून फोन आला. तीस बजेटमध्ये बसत नव्हत्या. "अठारह बना दीजिए, रेट आपका ही. बाकी लड़कियों को फेटा बाँधकर लड़के बना देंगे."

अठरा नऊवारी शिवल्या. नवरा ऑफिसातून आल्यावर हुक लावायला बसायचा, आणि एकदा त्याला फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, "हिचा व्यवसाय आहे, घरी सध्या गर्दी आहे." मी तेव्हा मशीनवर होते. मला इतका आनंद झाला होता की टाका वाकडा गेला आणि तो उसवावा लागला. कार्यक्रमात बारा फेटेवाल्या मुलींनाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, हे जाता जाता सांगते. दिवाळी आली आणि गेली, मशीनवर कापड पडलं नाही.

आता जवळच मुनिरकात माझी भाड्याची खोली आहे, दोन मशीनं आहेत, दारावर वेळ लिहिलेली आहे. खाली एक ओळ होती, "मंगळवारी दुपारी बंद". काकूंनी ती वाचली तेव्हा विचारलं, हे कशासाठी? तुमच्यासाठी, म्हटलं. धंद्याच्या वेळेत दुकान बंद ठेवते म्हणून त्या मला पंधरा मिनिटं ओरडल्या, आणि मग संध्याकाळपर्यंत बसल्या.

यंदा उन्हाळ्यात काकू पुण्याला मुलाकडे कायमच्या गेल्या. गुडघे ऐकत नव्हते. मसाला त्यांनी फरीदाबादच्या त्यांच्या मदतनीस बाईंच्या हाती सोपवला, दगडफूल कधीही काढणार नाही असं वचन घेऊन. शेवटच्या मंगळवारी बॅग घेऊन माझ्या खोलीवर आल्या. मी म्हटलं, तुमच्या हातचा दोन किलो द्या, भाव सांगा.

त्यांनी भाव सांगितला. हात सवयीने डबीकडे गेला आणि तिथेच राहिला. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पण तुझ्यासाठी..."

मी मशीनचा खण उघडला, माझी डबी काढली आणि त्यांच्या तळहातावर एक वेलदोडा ठेवला.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वेलदोड्याकडे. मग तो तोंडात टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मी पूर्ण पैसे दिले, त्यांनी ते पर्समध्ये ठेवले, माझ्या गालावरून हात फिरवला आणि बॅग ओढत जिना उतरल्या. मी खिडकीत उभी राहिले. गल्लीच्या वळणावर त्यांनी मागे न बघता हात वर केला. वेलदोडा अजून संपला नसावा, कारण त्या काहीच बोलल्या नाहीत.