पुणे ते महाड, घाट वगळून

साडेआठ वाजून गेले होते आणि आमच्या विमानतळावर अकरा म्हशी चरत होत्या.

विमानतळ म्हणजे काय, तर महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीकाठी लागणारी कोंडजींची भातशेती. कापणी झाल्यावर आम्ही बांध मोडले, जमीन चोपून सपाट केली आणि मधोमध चुन्याचं मोठं वर्तुळ काढलं. वरून पायलटला जागेची खूण म्हणून तेच दिसतं. आमचे इंजिनिअरसाहेब स्वतः पुण्याहून विमानात बसून ही जागा पाहायला येणार होते. मी बांधकाम खात्यात टेंपररी ओव्हरसियर. काम नीट झालं तर कायम करतो, असं साहेबांनी सांगितलं होतं. माझ्या बायकोने तर पेढे कुणाकुणाला द्यायचे हेही ठरवून टाकलं होतं.

साहेबांचं पत्र होतं, 'आठला निघू.' पोचणार कधी, ते लिहिलं नव्हतं. तो हिशोब मी केला. पुणे ते महाड ऐंशी मैल. आमच्याच खात्याचे मैलाचे दगड, त्यात चूक कशी असेल? विमान ताशी ऐंशी मैल जातं. म्हणजे नऊ वाजता येणार. मी कोंडजींना मोठ्या रुबाबात सांगितलं, "पावणेनऊपर्यंत चरू द्या म्हशी."

ते डोकं खाजवत म्हणाले, "रावसाहेब, इमान वरंध घाटानं येनार हाय काय?"

मी पोट धरून हसलो. "अहो कोंडजी, ते हवेतून येतं!"

"मंग ठीक हाय," म्हणून ते बांधावर जाऊन बसले.

आणि आता डोंगरामागून घरघर ऐकू आली. कोंडजींनी काय विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. माझे ऐंशी मैल रस्त्याचे होते, एकेका वळणासकट. सरळ रेषेत अंतर जेमतेम निम्मं होतं. मी ओरडून मजुरांना म्हशी हाकायला सांगितलं.

विमान डोक्यावर आलं. मजूर काठ्या घेऊन धावले. म्हशी बिथरल्या आणि वर्तुळाभोवती पळू लागल्या. वर विमानाच्या घिरट्या, खाली म्हशींच्या. मी कोट काढून 'उतरू नका, उतरू नका' असा हलवत होतो. पायलटला ते स्वागत वाटलं असावं, कारण तो आणखीच खाली आला.

"काठ्या टाका आदी!" कोंडजींची बायको सगुणाबाई ओरडली. टोपलीत भाताचा कोंडा घेऊन ती शेताच्या कडेला उभी राहिली आणि रोज संध्याकाळी मारते तशी हाक मारली. अकराच्या अकरा म्हशी तिच्याकडे धावल्या. त्यांच्या पाठोपाठ विमान टेकलं.

साहेबांनी उतरताच घड्याळ पाहिलं. "चौतीस मिनिटं. मैदान रिकामं का नव्हतं?"

मी खरं ते सांगून टाकलं. साहेब आधी लालबुंद झाले. मग पंखाला धरून इतके हसले की पायलट पंखाकडेच काळजीने पाहू लागला.

सगुणाबाई टोपली घेऊन पुढे आली. "सायेब, घाटावर हिरडोशीला म्हायेर हाय माजं. चालत दोन दिस जातात. याच्यातनं किती लागंल?"

पायलटने नकाशावर पट्टी ठेवली. "बारा मिनिटं."

ती जरा विचारात पडली. "नको बाय. म्हायेराहून निगालं की घाट उतरंपर्यंत रडून होतं माजं. बारा मिनटात कसं आटपायचं?"

त्या दिवसापासून कुणीही अंतर विचारलं की मी आधी विचारतो, कशाने जाणार?

महिन्याभराने हुकूम आला. मी कायम झालो होतो! पेढे घेऊन पहिल्यांदा सगुणाबाईकडे गेलो. नेमणूक मात्र वरंध घाटाच्या रस्त्यावर होती. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं होतं, 'यांना वळणं पाठ आहेत.'