विमानाचा पाईप आणि माझी कबुली

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा आलाय, तर ऐकाच. हसायचं ते शेवटी हसा.

आमचा कारखाना कोल्हापुरात, विमानाच्या इंजिनाचे पाईप करणारा. इंजिनावर हे पाईप असे एकमेकांत गुंतलेले असतात की बघून चक्कर यावी! कुठला पाईप कुठनं न्यायचा हे कॉम्प्युटरनंच शोधावं, म्हणून मी एक प्रोग्रॅम तयार केलता. जुनी ढीगभर डिझाईनं दाखवून त्याला शिकवलं, बाबा रे, कुठं धडकायचं न्हाय, आणि आमच्या मशीनवर वाकवता येईल एवढंच वळण द्यायचं.

त्यानं काढलेल्या पहिल्या पाईपची त्या दिवशी सकाळी चाचणी. आत पाणी भरून जबरदस्त दाब द्यायचा. बघायला गिऱ्हाईक कंपनीचे देशपांडेसाहेब खास बेंगळुरूहून आलेले.

आणि मी? डोळ्यांपुढं एकच चित्र. विमान आभाळात, माणसं खिडकीतनं ढग बघतायत, आणि माझा पाईप... नको रे देवा! चाचणी बघायची छातीच होईना. सरळ गेटबाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात फोरमन मुल्लामामांचा फोन.

"मॅडम, पळत या! पाईप फुटलाय! समदं पाणीच पाणी! पावणं भिजल्यात!"

पेला तिथंच टाकला आणि पळाले. पाय माझेच होते का आणि कुणाचे, देव जाणे!

आत देशपांडेसाहेब चष्मा पुसतायत, आमचे मालक त्यांना टॉवेल देतायत. मी थेट हातच जोडले.

"साहेब, चूक माझी! वळण जास्तच आवळलं गेलं असणार. शिकवण्यात मीच कमी पडले!"

मालकांनी डोळे वटारले. "अगं, गप की!"

"न्हाय साहेब, आज बोलू द्या! त्या प्रोग्रॅमवर माझाच भरवसा न्हाय! माणसं मरतील हो!" आणि चक्क रडायला लागले की मी.

मुल्लामामा पुढं आले. "मॅडम, बेसिनचा पाईप फुटलाय. साहेब हात धूत हुते. तुमचा पाईप मगाशीच पास झालाय!"

देशपांडेसाहेबांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढं ओढली.

"बसा मॅडम. भरवसा का नाही, ते जरा सविस्तर सांगा."

झालं! साहेबांनी एकेका वळणाचा हिशोब मागितला. पाईप सकाळीच पास झालेला. मला पास व्हायला दिवस मावळला!